एका बुडबुड्याचं मॉडेल जमलं. थव्याचं कसं करायचं?

तुमचा प्रश्न असा : पाण्यात चढणाऱ्या एका बुडबुड्याभोवतीचा प्रवाह आणि त्यातून पाण्यात उतरणारा ऑक्सिजन, दोन्ही मॉडेलमध्ये बसलं, मग शंभर बुडबुड्यांसाठी उत्तराला शंभरने गुणलं तर चालेल का?

नाही. मी तेच केलं होतं. नागपूरजवळच्या एका सांडपाणी प्रकल्पातल्या एअरेशन टाकीचा (पाण्यात हवा सोडायच्या टाकीचा) हिशेब एका बुडबुड्यावरून मांडला. टाकीत मीटर सोडला, तर ऑक्सिजन हिशेबापेक्षा बराच कमी.

पुढच्या बुडबुड्यामागे जे घुसळलेलं पाणी राहतं, त्यात ऑक्सिजन आधीच उतरलेला असतो. मागचा बुडबुडा त्याच पाण्यातून जातो, मग तो देणार किती? शिवाय थवा वर चढला की तेवढंच पाणी मधल्या फटींतून खाली येतं. बुडबुडे लहान, गोल असतील आणि टाकीतल्या एकूण आकारमानात हवेचा वाटा १० टक्के असेल, तर चढण्याचा वेग साधारण पाचव्या हिश्शाने घटतो. मोठे बुडबुडे मात्र पुढच्याच्या मागे ओढले जातात, चिकटतात आणि उलट लवकर चढतात.

खरी झुंज बुडबुड्याला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थराशी आहे, ऑक्सिजन त्यातूनच उतरतो. ४ मिमीचा बुडबुडा सेकंदाला साधारण २३ सेंमी चढतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढं अंतर ०.०१७ सेकंदात. हिग्बीचा १९३५ चा सिद्धांत पाणी बुडबुड्याला किती वेळ टेकतं त्यावरून किती वायू उतरतो ते सांगतो, त्यात हा वेळ घाला. ऑक्सिजनचा थर ५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास येतो. तो पकडायला, हिशेबासाठी पाण्याचे बारीक तुकडे पाडणाऱ्या जाळीचं घर १ मायक्रॉनचं हवं, म्हणजे एका बुडबुड्याच्या नुसत्या रुंदीवर ४,००० घरं. शंभर बुडबुड्यांना हे झेपणारच नाही. म्हणून प्रवाह व्हीओएफने (जाळीच्या प्रत्येक घरात पाणी किती, हवा किती याचा हिशेब ठेवणारी पद्धत) सोडवा आणि थराला वेगळं उपमॉडेल द्या. दहा-वीस बुडबुडे अशा पेटीत ठेवा, की वरून बाहेर पडलेला खालून परत आत येईल. त्यातून बुडबुड्याला होणारा पाण्याचा रोध आणि ऑक्सिजन उतरण्याचा दर यांचे नियम काढा. पूर्ण टाकीसाठी हेच नियम ऑयलर-ऑयलर मॉडेलमध्ये घाला, त्यात सुटे बुडबुडे न धरता हवा आणि पाणी एकमेकांत मिसळलेले दोन प्रवाह धरतात.

आणि साबण विसरू नका! सीताबर्डीच्या बाजारातून माशांच्या टाकीचा छोटा पंप आणा, काचेच्या टाकीत चालवा, मग भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. आधी एकमेकांत मिसळणारे बुडबुडे आता सुटे, बारीक राहतात, पाणी दुधाळ दिसतं. साबणाने पृष्ठभाग गोठल्यासारखा होतो, बारीक बुडबुडा घट्ट गोळीसारखा सावकाश चढतो. मॉडेलमध्ये सीमेची, म्हणजे बुडबुड्याच्या पृष्ठभागावर पाणी कसं सरकतं याची, अटच बदलते. माझ्या हिशेबात हेही राहिलं होतं.

तापमानही घाला : २० अंशांना लिटरमध्ये ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. आपल्या मे महिन्यात हा फरक जाणवतो.

तुमच्या पाण्यात साबण आहे का आणि हवेचा वाटा किती, एवढं कळवा. पेटी केवढी घ्यायची ते त्यावरून सांगतो.