मैफलीत राग रंगवण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

गायक गात असताना मंचावरच त्या रागाचं चित्र रंगवणार आहेस, तर प्रत्येक स्वराला एक रंग नेमून दिलेला तुझा तक्ता आधी बाजूला ठेव. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य, म्हणजे लागतच नाही. स्वर तेच, म्हणजे तक्त्यानुसार रंगही तेच. पण राग वेगळे होतात ते भार कुठे पडतो, म्हणजे कोणत्या स्वरांवर जोर असतो, त्यावरून. पूरिया गंधार-निषाद धरून मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रेंगाळतो, मारव्यात रिषभ-धैवत ठाण मांडतात आणि षड्ज टाळला जातो, सोहनी तार षड्जाभोवती, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'सा'भोवती, फिरते. 1605 साली मेवाडात चावंडला निसारदी या चित्रकाराने रंगवलेली रागमाला, म्हणजे रागांवरची चित्रमालिका, बघ. तिथे रागाला माणसं आहेत, प्रसंग आहे. स्वराला रंग बांधलेला नाही.

म्हणून रियाज असा कर. तेच तीन रंग घेऊन तीन कागद रंगव. पूरियाचा भार खालच्या तिसऱ्या भागात, सोहनीचा वरच्या. मारव्यात मधला भाग कोरा ठेव आणि रंग त्याच्या कडेपर्यंत आणून सोड. हा सर्वांत अवघड आहे, त्याला जास्त दिवस दे.

मैफलीत बहुतेकांचं बिघडतं ते घाईने. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) मिनिटभर चालतं. पहिल्या दहा मिनिटांत कॅनव्हास भरला, की द्रुत, म्हणजे जलद लय, येईपर्यंत त्यावरच गिरवणं होतं आणि रंग मातकट होतात. चाळीस मिनिटांच्या बड्या ख्यालात (संथ लयीतल्या मुख्य गायनात) पहिली दहा मिनिटं फक्त पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, तोही पाव भागात. सर्वांत उजळ रंग तार षड्ज लागेपर्यंत बाहेर काढू नकोस. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, फटकारा मारू नकोस. लोकांचं लक्ष गाण्यावरून तुझ्या हाताकडे जातं. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, आला की ब्रश उचल.

आता साहित्य. ॲक्रिलिकचा पातळ थर पंख्याखाली काही मिनिटांतच वाळतो आणि कडा मिसळत नाहीत. रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव्य) घाल, पण थोडाच; जास्त झाला तर रंग चिकट राहतो. टर्पेंटाईन नकोच, गायकाच्या घशाला त्याचा त्रास होतो. ताणलेला कॅनव्हास ब्रशखाली ढोलासारखा वाजतो आणि माइक ते उचलतो, म्हणून मागे फळी लाव किंवा 300 जीएसएमचा जाड कागद बोर्डावर चारही बाजूंनी चिकटव. पाण्याचं भांडं तबल्यापासून दूर ठेव. पिवळट दिव्यांत पांढरा आणि फिका पिवळा सारखेच दिसतात, तेव्हा रंग मंचावरच्या दिव्यांत तपासून घे.

आणि बंदिशी, ताल व अंदाजे वेळ गायकाला आदल्या दिवशीच विचार. मैफलीच्या आधी ग्रीनरूममध्ये तानपुरे जुळत असताना त्यांना गाठू नकोस.

तुझा,
दादा