काट्याचा यूएसबी पोर्ट मधेच गायब होतोय? ड्रायव्हरच्या आधी कॉन्टॅक्टर बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. डाळ मिलमध्ये रास्पबेरी पाय ह्या छोट्या लिनक्स कॉम्प्युटरला यूएसबी टू सिरियल कन्व्हर्टर लावून काट्याचं वजन घेताय, ऑफिसात टेबलावर कितीही चालवा काही होत नाही, मिलमध्ये नेलं की कधी तासाभरात कधी दोन दिवसांनी पोर्ट गायब, लॉगमध्ये एरर -७१, आणि कंपनीवाले ड्रायव्हर अपडेट करा म्हणून सांगायलेत. आमचं सेम टू सेम होतं, फक्त डाळीच्या जागी कापूस.

आमचं काम सेलू-मानवत पट्ट्यातल्या एका जिनिंगला होतं. प्रेसमधून गाठ निघाली की काट्यावर येते, १७० किलोच्या आसपास भरते, ते वजन कन्व्हर्टरमधून रास्पबेरीत आणि तिथून लेबलवर. पोर्ट सुटल्यावर प्रोग्राम सरळ बंद पडला असता तर परवडलं असतं, पण काट्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर एरर गिळून टाकायचं आणि स्क्रीनवर शेवटचं वजन तसंच ठेवायचं. १६८.४, पुढची गाठ १६८.४, तिसरी पण १६८.४. शेवटी मुनीमजीच ओरडले की सगळ्या गाठी सख्ख्या बहिणी कामून निघायल्यात. तुमच्याकडं पण हे आधी तपासा, कारण चुकलेल्या वजनाचा माल एकदा गाडीत चढला की मग भांडण लागतं, यूएसबी राहते बाजूला.

आता सपोर्टचं. नाव घेत नाही, कन्व्हर्टर विकणारी पार्टी. पहिल्या मेलला उत्तर म्हणून एक झिप आली, उघडली तर आत विंडोजचा सेटअप. मी लिहिलं की साहेब लिनक्स आहे, फोटो पण लावलाय. मग सोर्स कोड आला, तो आमच्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, कंपाइलच होईना. मुळात कन्व्हर्टरमधल्या सीएच३४० चिपचा ड्रायव्हर, सीएच३४१ नावाचा, कर्नलमध्येच असतो, वरून काही टाकायची गरजच नसते, हे त्यांना माहीत नसावं हे मला अजून पटत नाही. मग म्हणाले युनिट कुरिअर करा. ऐन सीझनमध्ये, काटा बंद ठेवून, पाठवलं. परत आलं तेव्हा सोबत चिठ्ठी, 'नो फॉल्ट फाउंड'. अरे बाबांनो, टेबलावर फॉल्ट येत नाही हेच तर मी पहिल्या मेलपासून लिहायलोय! फोन केला तर ड्रायव्हर रिइन्स्टॉल केला का. लास्टला तिकिट क्लोज, कारण काय तर ग्राहकाकडून प्रतिसाद नाही. लय वेळ गेला ह्यात, आणि वेळेपेक्षा जास्त म्हणजे डोकं ड्रायव्हरवरच अडकून राहिलं.

लॉग नीट वाचला तर तो स्वतःच सांगतो. -७१ म्हणजे ईप्रोटो, वायरवरचं बोलणंच बिघडलं, समोरून वेळेत पॅकेट आलं नाही नाहीतर बिट वाकडे आले. -११० म्हणजे टाइमआउट. -३२ म्हणजे डिव्हाइसनं स्वतः नाही म्हटलं, तिथं ड्रायव्हर-फर्मवेअरवर संशय घ्यायला जागा आहे. पण नुसत्या -७१ चा पाऊस असेल तर माझ्या मते ड्रायव्हरकडं सगळ्यात शेवटी बघा. आमच्या लॉगमध्ये अजून एक ओळ होती, डिसेबल्ड बाय हब, आणि पुढं कंसात ईएमआय आणि प्रश्नचिन्ह. म्हणजे कर्नल बिचारा विचारतोय की आजूबाजूला इलेक्ट्रिकल नॉइज आहे का, आणि आम्ही झिप फाइली उघडत बसलेलो.

मग प्रेसवरच्या पोराला एक वही दिली, प्रेसचा पंप चालू-बंद झाला की टाइम लिही म्हटलं. कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडला हायफन कॅपिटल टी लावला की घड्याळाचा टाइम दिसतो, दोन्ही शेजारी ठेवले. प्रत्येक वेळी पंप बंद झाला की पोर्ट सुटतो असं अजिबात नव्हतं, म्हणून तर इतके दिवस कुणाला दिसलं नाही. पण पोर्ट जेव्हा जेव्हा सुटला तेव्हा पंप नुकताच बंद झालेला होता, त्याला अपवाद नाही. उलट्या बाजूनं बघा, लगेच दिसतं. एक सांगतो, रास्पबेरी ४ पर्यंतच्या बोर्डवर घड्याळाची बॅटरी नसते, नेट नसेल तर लाइट जाऊन आल्यावर टाइम चुकीचा आणि मग ही सगळी जुळवाजुळव पाण्यात. डीएस३२३१ चं छोटं घड्याळाचं मॉड्यूल लावून टाका.

कारण निघालं पंपाच्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या पॅनलमधल्या स्विचची, कॉइल. सप्लाय तुटला की ती जोराचा व्होल्टेज झटका मारते, आणि आमचा अडॅप्टर त्याच पॅनलच्या सॉकेटवर, यूएसबी केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून, तीही लांबलचक स्वस्तातली. वायरमनकडून कॉइलवर आरसी स्नबर, म्हणजे तो झटका शोषून घेणारा छोटा पार्ट, बसवून घेतला, तेवढ्यानंच बराच फरक पडला. कॉइल एसी असेल तर कुणाचं ऐकून डायोड लावू नका, तो डीसी कॉइलसाठी. मग कन्व्हर्टर रास्पबेरीला चिकटून ठेवला, यूएसबी एकदम आखूड, आणि लांबी जी पाहिजे ती आरएस २३२ च्या, म्हणजे काट्याकडच्या सिरियल केबलच्या, बाजूला घेतली, ९६०० बॉडला दहा-पंधरा मीटर आरामात जातं. शेवटी साधा कन्व्हर्टर काढून आयसोलेटेड, म्हणजे दोन बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारा, घेतला, काट्याची अर्थिंग आणि रास्पबेरीची अर्थिंग वेगळी झाली, तेव्हापासून तक्रार नाही. वेगळा यूएसबी आयसोलेटर घेणार असाल तर एडीयूएम ४१६० चिपवाले मिळतात, ते १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, सिरियलला भरपूर झालं पण ४जी डोंगल त्याच्यावर टाकू नका.

तुमच्या पोस्टखाली दोघांनी ऑटोसस्पेंड, म्हणजे रिकामं यूएसबी डिव्हाइस आपोआप झोपवणं, बंद करा म्हटलंय. करा, बिघडत काही नाही, पण हब सोडून बाकी डिव्हाइसना कर्नल ते मुळात चालूच करत नाही. सिसएफएसमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सिस फोल्डरात, त्या डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरात कंट्रोल नावाची फाइल असते, तिच्यात 'ऑन' लिहिलं असेल तर तो विषय सोडून द्या. त्यापेक्षा रास्पबेरीवरच्या व्हीसीजेनसीएमडी कमांडचं गेट थ्रॉटल्ड चालवा. उत्तर ५०००० किंवा ५०००५ आलं तर व्होल्टेज ४.६३ च्या खाली जायलंय, मोबाइलचा चार्जर फेका आणि बोर्डाचा ओरिजिनल अडॅप्टर घ्या. हे आधी करा, सगळ्यात स्वस्त आहे.

आणि प्रोग्राममध्ये पोर्टचं टीटीवाययूएसबी० असं नाव थेट लिहिलं असेल तर बदला. पोर्ट सुटून परत आला आणि जुना उघडाच राहिला तर तो १ होऊन बसतो. डेव्ह फोल्डरात सिरियलच्या खाली बाय-पाथ आहे, कन्व्हर्टर कुठल्या सॉकेटला लावलाय त्यावरून नाव देणारं, ते वापरा. बाय-आयडी नको, सीएच३४० ला सहसा सिरियल नंबर नसतो, दोन सारखे कन्व्हर्टर लावले की घोळ. वजन किती सेकंद जुनं आहे ते पण स्क्रीनवर दाखवा आणि जुनं झालं की लेबल छापूच देऊ नका.

मी इलेक्ट्रिकलवाला नाही, पॅनलला हात लायसनवाल्या माणसानंच लावायचा. तुमचं कारण वेगळंही असू शकतं, डाळ मिलमध्ये व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, असतील तर त्यांचा नॉइज पंप बंद व्हायची वाट बघत नाही, सारखा चालूच असतो. पण तपासणी चालू मिलमध्येच करा. आमच्याकडं कापसाचा सीझन संपला की सगळं आपोआप ओके दिसायचं, आणि सपोर्टवाले म्हणायचे बघा, झालं ना नीट.

आता तुम्ही एक करा, यूएसबी डिव्हाइसची यादी दाखवणाऱ्या एलएसयूएसबी हायफन टी कमांडचं आउटपुट, पोर्ट सुटला त्याच्या आधीच्या-नंतरच्या मिनिटाचा लॉग आणि केबल कुठून कुठं गेलीय त्याचा एक फोटो टाका. पॅनलचं दार बंद असलेला फोटो चालेल, फक्त अडॅप्टर कुठल्या सॉकेटला आहे ते दिसू द्या.