आधी सॉफ्टवेअरसोबत आलेले प्लगइन नीट शिक
अरे मिक्सिंग शिकायला विकतचे प्लगइन (आवाज घडवणारी छोटी जोड-साधनं) आत्ताच नको घेऊस, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर असो की लॉजिक, त्यातलाच ईक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) शिकायला भरपूर आहे. रेकॉर्डिंग २४ बिटला कर आणि पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, मीटरवर -१२ डीबीच्या आसपास ठेव, क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला आवाज नंतर धड सुधारत नाही. मग ड्रमच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर टाक, रेशो (किती दाबायचं) ४:१, थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणं सुरू होतं) मुद्दाम खूप खाली आण म्हणजे फरक कानाला कळेल, आणि नुसता अटॅक (दाबणं किती पटकन लागू होतं) फिरवत बस, १ मिलिसेकंदाला ठोका दबतो, ३० ला तोच ठसठशीत पुढे येतो. आणि हो, बायपास करून, म्हणजे कॉम्प्रेसर बंद-चालू करून ऐकताना मेकअप गेनने (दबलेला आवाज परत वाढवणारं बटण) दोन्हीकडे लेव्हल सारखी कर, नाहीतर जे मोठं वाजतं तेच भारी वाटतं, यात भलेभले फसतात. रिव्हर्बचं (आवाजाला खोलीसारखा घुमारा देणाऱ्या प्लगइनचं) नंतर बघ.