हेस्कॉमच्या (आपल्या भागातल्या वीज कंपनीच्या) नावाने 'बिल थकलंय, आज रात्री लाईट तोडणार' असा फोन आला. खरा असेल का?

नाही, असले फोन फसवणुकीचेच असतात. बिल खरंच थकलं असेल तर हेस्कॉमच्या ऑफिसात जाऊन भरा. त्या माणसाने पाठवलेलं ॲप किंवा एपीके फाइल मात्र अजिबात टाकून घेऊ नका. त्यातून तुमचे ओटीपी त्याच्या हाती लागतात.

मला जास्त काळजी वाटते ती कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या नावाने येणाऱ्या फोनची. 'तुमचे दोन हजार अडकलेत, पिन टाका, लगेच जमा होतील.' योजनेचे २००० रुपये थेट बाईच्या खात्यावर येतात. आणि यूपीआय पिन लागतो तो पैसे पाठवताना, घेताना कधीच नाही. खानापूर-निपाणीकडच्या आपल्या आया-मावश्यांना हे एवढं तरी बसून समजावून सांगा. समोरचा भराभर कन्नड बोलतोय आणि नीट कळत नाही, म्हणून संकोचाने 'हौदु, हौदु' (हो, हो) म्हणत राहू नका. सरळ फोन ठेवा.

व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' करणारा पोलीसही भामटाच. कायद्यात तशी अटकच नाही.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, लगोलग बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. घरचे रागावतील म्हणून लपवू नका.