त्वचेवर प्रोजेक्टरने पट्टे पाडून आतल्या रक्तपुरवठ्याचा अंदाज कसा येतो? साधा फोटो का चालत नाही? घरच्या प्रोजेक्टरवर हे जमेल का?

याच तंत्रावर प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून सांगतो.

साध्या फोटोत त्वचेचा एखादा भाग काळपट दिसला, तर त्याची दोन कारणं असू शकतात. रक्ताने प्रकाश शोषला असेल, नाहीतर ऊतीने तो कमी विखुरल्यामुळे परत कमी आला असेल. कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच. समीकरण एक आणि अज्ञात दोन, गणित सुटणार कसं?

इथे पट्टे कामी येतात. कागदावर पाडलेली प्रकाशाची बारीक रेघ रेखीव दिसते; तीच वाटीभर दुधावर पाडून बघा, कडा पसरट, धूसर होतात. त्वचेतही हेच होतं. सलग प्रकाश आत बराच भटकून परततो, त्यामुळे शोषणाची छाप त्याच्यावर जास्त. पट्टे बारीक असले, समजा 5 मिलिमीटरला एक, तर त्यांचा उठाव, म्हणजे उजळ-काळ्या पट्ट्यांमधला फरक, वरच्यावर परतलेल्या प्रकाशातच टिकतो, आणि तो किती टिकला हे मुख्यतः विखुरण्यावर ठरतं. झाली दोन समीकरणं! कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या बेकमन लेझर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने 2005 मध्ये हे मांडलं.

प्रत्यक्षात एकच नक्षी तीनदा पाडतात, दर वेळी पट्ट्याच्या एक तृतीयांश अंतराने सरकवून. तिन्ही फोटोंची सरासरी काढली की पट्टे गायब, म्हणजे सलग प्रकाशाचा फोटो मिळाला. आपसांतले फरक घेतले की उठाव हाती येतो. मग तेच वेगवेगळ्या तरंगलांबींवर. 660 नॅनोमीटरला ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन जास्त शोषतं, 850 ला ऑक्सिजन असलेलं थोडं पुढे असतं. त्यावरून ऑक्सिजनचा नकाशा निघतो. पडताळणीसाठी दंडाला बीपीचा पट्टा फुगवून तळहाताकडे कॅमेरा रोखतात; रक्त अडलं की आकडा उतरताना दिसतो. भाजलेली जखम किती खोल, मधुमेही पायाला रक्त पोचतंय का, अशा कामांत याचा उपयोग शोधला जातोय.

‘शरीराच्या आरपार दिसतं’ असं कुणी म्हटलं तर मात्र विश्वास ठेवू नका. पोच काही मिलिमीटरची. पृष्ठभाग वाकडा असला की आकडे बिघडतात, रुग्ण हलला की तीन फोटो जुळत नाहीत. मला सर्वांत खटकतं ते मेलॅनिनचं, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचं. साधं गणित त्वचा एकजिनसी धरतं, पण मेलॅनिन असतं वरच्या पातळ थरात. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर ही चूक दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

घरच्या प्रोजेक्टरवर प्रात्यक्षिक जमेल, निदान नाही. त्याचा गॅमा (दिलेला आकडा आणि पडणारा उजेड यांचं वाकडं नातं) आधी दुरुस्त करा, नाहीतर पट्टे साइन लहरीसारखे पडतच नाहीत. प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोन्हींपुढे ध्रुवण फिल्टर लावा, एकमेकांना काटकोनात, म्हणजे त्वचेची चकाकी जाईल. आणि हातावर जाण्याआधी सिलिकॉनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड व थोडी काळी शाई कालवून बनवलेल्या वडीवर मोजून बघा. आम्हीही सुरुवात तिथूनच करतो.