ऑनलाइन व्हिडिओ कोर्स बघून इलेक्ट्रॉनिक म्युझिक प्रॉडक्शन खरंच शिकता येतं का? कोणता कोर्स घ्यावा?

येतं. मी तसाच शिकलोय. "व्हिडिओ बघून कुणी प्रोड्युसर होत नाही" हे मी दोन वर्षं एका मित्राकडून ऐकलं. त्याने साउंड इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण घेतलंय. त्यामुळे हा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवलं नाही.

माझा पहिला धड ट्रॅक किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेसवर (सगळ्यात खालचे सूर) अडला होता. हाऊस, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, १२४ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२४ ठोके. किक एकटीच वाजवली की दणदणीत, बेस चालू केला की एक ठोका भरीव आणि पुढचा पोकळ. कोर्समध्ये सांगितलं होतं, बेसवर साइडचेन कम्प्रेसर लावा, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबतो; रिलीज, म्हणजे तो परत वर यायचा वेळ, १२० मिलिसेकंद. लावला, पोकळपणा तसाच. मग दुसरा कोर्स विकत घेतला. त्यात वेगळा कम्प्रेसर, जवळपास तेच आकडे. तीन महिने मी आकडेच बदलत होतो.

शेवटी किक आणि बेस दोन्ही ऑडिओ करून घेतले आणि वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेची चित्रं, एकाखाली एक ठेवून झूम केलं. माझी किक जवळजवळ ३०० मिलिसेकंद घुमत होती, कोर्सच्या सरांची त्याच्या निम्मीही नव्हती. त्यांचा बेस परत वर यायचा तोवर किक संपत आलेली असायची, माझ्याकडे ती अजून वाजतच असायची. त्यात बेसचा सूर खालचा जी, म्हणजे ४९ हर्ट्झ, आणि किकची शेपटीही तिथेच रेंगाळणारी. एक लाट वर असताना दुसरी खाली असली की दोन्ही एकमेकींना खातात. शिवाय माझ्या सिंथचा (बेसचा आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर) ऑसिलेटर, म्हणजे त्यातला लाट काढणारा भाग, दर वेळी लाटेच्या वेगळ्याच जागेपासून सुरू व्हायचा, म्हणून कधी बेरीज, कधी वजाबाकी. ऑसिलेटरचं रीट्रिगर चालू केलं, म्हणजे लाट दर वेळी एकाच जागेपासून सुरू होते, किकची शेपटी कापली, आणि प्रत्येक ठोका सारखा वाजायला लागला. सरांच्या सिंथमध्ये रीट्रिगर आधीपासूनच चालू होतं. त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नसणार.

मित्राला सांगितलं तर म्हणाला, "हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवलं होतं." शिकवलं असेल. पण ती अडचण माझ्या ट्रॅकमध्ये होती आणि मी ती माझ्या कानांनी पकडली. व्हिडिओ नसते तर साइडचेन नावाची गोष्ट असते हेच मला कळलं नसतं.

कोर्स कोणता? रिकाम्या प्रोजेक्टपासून सुरुवात करून ट्रॅक पूर्ण करून दाखवणारा, आणि प्रोजेक्ट फाइल देणारा. फाइल मिळाली की किकची लांबी स्वतः मोजता येते. नुसते प्रीसेट आणि सॅम्पल पॅक (आयते तयार आवाज) गळ्यात मारणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका. व्हिडिओ संपला की बंद करा आणि तेच काम वेगळ्या किकवर, वेगळ्या सुरात करून बघा. जमलं नाही तर तिथून पुढे खरं शिकणं सुरू होतं. एक ट्रॅक पूर्ण होईपर्यंत दुसरा कोर्स घेऊ नका, मी घेतला होता.

हे सगळं हाऊस-टेक्नोपुरतं, म्हणजे ज्यात सगळे आवाज सॉफ्टवेअरमधलेच असतात. गायकाचा आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर माइक कुठे ठेवायचा, खोली कशी वाजते, हे कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. तेवढ्यापुरता तो मित्र बरोबर आहे. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडेच गेलो होतो.