स्मार्ट प्लग ‘ऑफलाइन’ का जातो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

फायबरवाल्यांनी जुना राउटर काढून नवा ड्युअल बँड राउटर बसवला. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला, तरी चारपैकी तीन स्मार्ट प्लग (फोनवरून चालू-बंद होणारे) ऑफलाइन दिसतात. पुन्हा जोडायला गेलं की ॲप बराच वेळ फिरतं आणि शेवटी ‘टाइमआउट’ म्हणतं. प्लग गेले का?
– एक वाचक, चिंचवड

प्लग बहुतेक ठणठणीत आहेत, नवे घ्यायची घाई करू नका. राउटर बदलल्यावरच हे सुरू झालं, तर आधी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचं.

आपल्याकडे मिळणारे बहुतेक वायफाय प्लग वायफायच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. नव्या राउटरमध्ये दोन्ही बँडना एकच नाव असतं आणि फोन सहसा ५ वर जाऊन बसतो. नेहमीच्या जोडणीत फोन वायफायचं नाव आणि पासवर्ड हवेत सोडतो आणि प्लग ते ऐकून घेतो. फोन ५ वर बोलतोय आणि प्लग २.४ वर कान लावून बसलाय, मग टाइमआउट येणारच. दुसरं कारण सुरक्षेचं. नवा राउटर डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर असला तर जुन्या चिपचे प्लग आत येऊ शकत नाहीत. काही तर डब्ल्यूपीए२ आणि ३ अशा मिश्र सेटिंगवरही अडतात.

राउटरच्या मागच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा. दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारं ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ बंद करा. आता २.४ ला जुनं नाव आणि जुना पासवर्ड तसाच राहू द्या, नवं नाव ५ ला द्या. बरेच जण नेमकं उलटं करतात आणि मग घरातला एकेक प्लग पुन्हा जोडत बसतात. प्लगच्या मेमरीत जुनं नाव आहे. तेच नाव २.४ वर दिसलं की ते आपोआप परत येतात, नव्या नावावर हलवावे लागतात फक्त फोन आणि टीव्ही. २.४ ची सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२, एईएस’ ठेवा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, आणि चॅनेल ‘ऑटो’ऐवजी १, ६ किंवा ११. राउटरने स्वतःहून १२ किंवा १३ निवडला तर काही प्लगना तो दिसत नाही.

सेव्ह करून पाच मिनिटं थांबा. तरी जो परत येणार नाही, तो सॉकेटमधून काढून दहा सेकंदांनी लावा. रीसेट ही शेवटची पायरी. प्लगचं बटण साधारण पाच-सहा सेकंद दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकायला लागेल. जोडताना फोनचा मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद, ॲपला लोकेशनची परवानगी सुरू. एवढं करूनही अडलं तर ‘एपी मोड’ वापरा. अनेक प्लगमध्ये बटण पुन्हा तसंच दाबून धरलं की दिवा सावकाश लुकलुकतो आणि प्लग स्वतःचंच एक वायफाय सुरू करतो. फोन त्याला जोडा. फोन ‘इथे इंटरनेट नाही’ अशी तक्रार करेल, तरी जोडणी सोडू नका.

एक खूण लक्षात ठेवा. राउटरच्या ‘जोडलेली उपकरणे’ या यादीत प्लग दिसतोय, पण ॲपमध्ये ऑफलाइन आहे, तर प्लग आणि राउटरचं जमलेलं आहे. अडचण राउटरच्या पुढे, म्हणजे इंटरनेटमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरमध्ये आहे. अशा वेळी रीसेट करून काही साधत नाही, उलट वेळापत्रकं पुसली जाण्याची शक्यता असते.

वीज गेली आणि परत आली की होम असिस्टंटमध्ये (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) दोन-तीन प्लग ‘अनुपलब्ध’ होतात. कंपनीच्या ॲपमधून मात्र तेच प्लग व्यवस्थित चालतात.
– एक वाचक, संगमनेर

प्लग ॲपमधून चालतात, म्हणजे वायफाय ठीक आहे. ॲप कंपनीच्या सर्व्हरमार्फत प्लगपर्यंत पोचतं. होम असिस्टंट स्थानिक पद्धतीने जोडलेलं असलं तर ते थेट प्लगच्या आयपी पत्त्यावर (राउटरने घरातल्या नेटवर्कवर दिलेल्या क्रमांकावर) जातं. वीज परत आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले आणि होम असिस्टंट जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसलं, असा हा प्रकार आहे.

उपाय पक्का आहे. प्रत्येक प्लगचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, ॲपमधल्या ‘उपकरणाची माहिती’त सापडतो. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये तो टाकून कायमचा पत्ता बांधून द्या. सगळ्या प्लगना पत्त्याच्या शेवटी ओळीने आकडे दिले, ५१, ५२, ५३ असे, तर पुढे शोधायला सोपं जातं. होम असिस्टंट ज्या यंत्रावर चालतं त्याचाही पत्ता असाच बांधा. मग होम असिस्टंटमध्ये प्लगचे पत्ते एकदा दुरुस्त करून इंटिग्रेशन (त्या प्लगची जोडणी) रीलोड करा.

होम असिस्टंट डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या ‘कंटेनर’मध्ये चालवणारी व्यवस्था) असेल तर तो कंटेनर ‘होस्ट’ नेटवर्कवर आहे ना ते पाहा. नसेल तर प्लगची हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. राउटरवर वायफायवरची उपकरणं एकमेकांपासून तोडणारं ‘एपी आयसोलेशन’ सुरू असेल किंवा प्लग गेस्ट वायफायवर असतील, तरीही हेच घडतं.

वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. अनेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टचेही आहेत आणि चुकीचा यूपीएस राउटर जाळू शकतो. ‘वीज आल्यावरची स्थिती’ हे सेटिंगही प्रत्येक प्लगला तपासा. फ्रिजच्या प्लगला ‘सुरू’, गिझर आणि इस्त्रीच्या प्लगला ‘बंद’. यात हयगय नको.

गिझरचा प्लग अधूनमधून मध्येच ऑफलाइन जातो. हात लावला तर गरम लागतो. सिग्नल कमी पडतोय का?
– एक वाचक, डोंबिवली

गरम लागतोय हे वाचल्यावर सिग्नलचा विचार बाजूला ठेवा. आत्ताच गिझरचा एमसीबी खाली करा, प्लग निवू द्या आणि काढून पाहा. पिन काळसर पडल्या असतील किंवा प्लास्टिक पिवळं झालं असेल तर तो प्लग पुन्हा वापरू नका.

२००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा १३. ‘१० अँपिअर’ लिहिलेल्या प्लगवर पहिला कागदोपत्री बसतो, पण सॉकेटची पकड सैल असेल तर तिथे उष्णता साठते आणि आतली चिप वारंवार रीस्टार्ट होते. तुम्हाला दिसतं ते ऑफलाइन बहुधा हेच. गिझरला १६ अँपिअरचा प्लग, जाड पिनचा १६ अँपिअरचा सॉकेट आणि आयएसआय खूण, यापेक्षा कमी काही नको. कन्व्हर्टर पिन तर अजिबात नको. सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या आणि मागच्या तारा ४ चौरस मिलिमीटरच्या आहेत का तेही पाहायला सांगा.

वेळापत्रकही आवरा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला २००० वॉटला सुमारे अठरा मिनिटं लागतात. पंचवीस मिनिटांनी आपोआप बंद होईल असा टायमर पुरेसा आहे.

नवा प्लग लावल्यावरही त्याची जोडणी तुटली, तर मग सिग्नल बघा. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात; उणे ७० डीबीएमपर्यंत चालतं, उणे ८० ला भरवसा नाही.

झिगबी प्लग चांगले चालतात, पण रोज रात्री स्वयंपाकघरातले सेन्सर गायब होतात.
– एक वाचक, मडगाव

रात्री बहुधा कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद करतंय. झिगबी ही स्मार्ट उपकरणांची वायफायहून वेगळी बिनतारी पद्धत, आणि तिच्यात प्लग पुढच्या उपकरणांचा निरोपही पोचवतो. त्याची वीज तोडली की त्याच्या आधारावरचे सेन्सर एकटे पडतात. त्या बटणावर ‘बंद करू नये’ अशी पट्टी चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, कारण समजावून सांगा. झिगबीचा डोंगल (सिग्नल घेणारी यूएसबी कांडी) यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खोचलेला असेल तर मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून दूर करा. झिगबीही २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि त्या पोर्टचा गोंगाट तिथेच येतो.

न्यू जर्सीहून मुलाने चार स्मार्ट प्लग आणलेत. ॲडॉप्टर लावून पुण्यात वापरले तर चालतील ना?
– एक वाचक, पुणे

प्लगवर बारीक अक्षरात ‘१२० व्होल्ट’ एवढंच लिहिलं असेल तर मुळीच लावू नका. ॲडॉप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. ‘१०० ते २४०’ लिहिलं असेल तर दिव्यासारख्या हलक्या कामाला चालेल. गिझर, इस्त्री, मोटर यांना मात्र इथलाच घ्या.